खिशातला खेळ आणि सेलांचा हिशेब

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चार दिवस कल्याणला ताईकडे राहिलो. ताईचे घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्या खोलीत एकच टीव्ही. संध्याकाळी सातपासून साडेनऊपर्यंत त्यावर ताईच्या मालिकांचा हक्क, त्यानंतर दाजींच्या बातम्यांचा. ही वाटणी गेली पंधरा वर्षे सुरळीत चालू आहे. या सुट्टीत प्रथमच तिच्यावरून घरात वाद झाला.

कारण असे की, दहावीला ऐंशी टक्क्यांच्या वर गुण मिळवलेस तर हवी ती वस्तू घेऊन देऊ, असा शब्द दाजींनी भाच्याला दिला होता. भाच्याने एक्क्याऐंशी टक्के मिळवले आणि प्लेस्टेशन ५ मागितला. हे यंत्र भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये विक्रीस आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती आणि पुढे ती वाढलीच. दाजी गप्प बसले. शेजारच्या चाळीतला एक मुलगा आपले वापरलेले निन्टेन्डो स्विच कमी पैशांत द्यायला तयार होता. हातात धरून खेळायचे, टीव्ही नसला तरी चालणारे यंत्र. ताईने तो पर्याय सुचवला, तर भाचा म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगा. त्याच्यात ताकदच नाही. ग्राफिक्स बघा ना दोघांचे!"

ताई म्हणाली, "अरे, तू बी.कॉम. आहेस. हिशेबाने काय ते सांग."

खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हाला काहीच सांगता आले नाही. आम्ही कारकून माणूस. आमच्या लहानपणी खेळाचे यंत्र म्हणजे ब्रिक गेम. दप्तराच्या कप्प्यात मावणारा, करड्या पडद्यावर काळे चौकोन पडणारा, खोक्यावर '९९९९ इन १' असे धडधडीत खोटे छापलेला. मुळात खेळ दहा-बाराच, बाकी सगळी त्यांचीच उलटसुलट रूपे. टीव्हीला जोडून कॅसेट लावायचा व्हिडिओ गेम वस्तीत एकाच घरी होता. त्या घरच्या आजींचा डोळा लागला तरच तो खेळायला मिळे. ब्रिक गेम मात्र आम्ही जिन्यात, मैदानावर आणि लग्नाच्या मांडवातही खेळलो. त्या वेळी ही निवड कोणी आमच्यापुढे ठेवलीच नव्हती.

भाच्याचा प्रश्न मात्र मनातून जाईना. कमी ताकदीचे यंत्र माणसे मुद्दाम का घेतात? घरी परतल्यावर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचून काढले. जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

या गोष्टीची सुरुवात जपानमधील क्योटो शहरात होते. तेथील निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवण्यासाठी स्थापन झाली. १९६५ साली या कंपनीत गुनपेई योकोई नावाचा तरुण कामाला लागला. शिक्षण विजेच्या शाखेतले, पण मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांत त्याची वर्णी लागली नाही. पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल हे त्याचे काम. आपल्या गिरण्यांत फिटर असत, साधारण तसेच. यंत्रे चालू असली की त्याला काम नसे. अशा रिकाम्या वेळात त्याने पट्ट्यांच्या जाळीचा, लांब होऊन वस्तू पकडणारा एक हात गंमत म्हणून बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या ते नजरेस आले. आपल्याकडे अशा वेळी कर्मचाऱ्याला मेमो मिळाला असता. यामाउचींनी मात्र त्या हाताचे खेळणे करायला सांगितले. 'अल्ट्रा हँड' या नावाने ते १९६६ साली बाजारात आले, दहा लाखांहून अधिक खपले आणि देखभाल करणारा योकोई खेळणी बनवणारा झाला.

योकोईची विचार करण्याची एक रीत होती आणि तिला त्याने नावही दिले होते. मराठीत सांगायचे तर 'वाळलेल्या तंत्राचा आडवा विचार'. वाळलेले म्हणजे जे नवे राहिलेले नाही, ज्याचे सगळे गुणदोष माहीत झाले आहेत, जे मुबलक मिळते आणि म्हणून स्वस्त आहे. आम्ही त्याला मुरलेले तंत्र म्हणू. आडवा विचार म्हणजे ते तंत्र ज्या कामासाठी निघाले ते सोडून भलत्याच कामाला लावणे.

याचे चांगले उदाहरण म्हणजे 'गेम अँड वॉच'. सत्तरच्या दशकात जपानमध्ये शार्प आणि कॅसिओ या कंपन्यांत खिशातल्या कॅलक्युलेटरवरून जोराची स्पर्धा झाली. त्या स्पर्धेने आकडे दाखवणारे छोटे पडदे अतिशय स्वस्त झाले. योकोईने एकदा बुलेट ट्रेनमध्ये पाहिले, की एक नोकरदार वेळ जात नाही म्हणून कॅलक्युलेटरची बटणे उगाच दाबत बसला आहे. (आम्ही लोकलमध्ये तेहेतीस वेळा पाढे म्हणणारा माणूस पाहिला आहे, पण त्यातून आम्हाला काही सुचले नाही.) कॅलक्युलेटरच्या त्याच पडद्यावर खेळ बसवून कंपनीने १९८० साली घड्याळासह हातात मावणारे यंत्र काढले. १९८२ च्या 'डॉंकी काँग' या यंत्रात योकोईने अधिकच्या चिन्हासारखे चार दिशांचे बटण बसवले. पुढे जगभरच्या खेळयंत्रांत ते रूढ झाले.

आता मुख्य लढाईकडे येऊ.

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोचा गेम बॉय बाजारात आला. किंमत १२,५०० येन. त्याच वर्षी अमेरिकेत तो ८९.९९ डॉलरला मिळू लागला. पडदा आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके एवढाच. रंग म्हणावे तर शेवाळी हिरव्याच्या चार छटा. पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे अंधारात काही दिसत नसे. मुले दिव्याखाली किंवा खिडकीशी बसून खेळत. चित्र भराभर हलले की मागे पुसट सावली राही. आत जो प्रोसेसर होता तोही त्या काळच्या मानाने जुन्या धाटणीचा, आठ बिटचा.

त्याच वर्षी अटारी कंपनीने लिंक्स नावाचे यंत्र आणले. रंगीत पडदा, मागे दिवा, ताकद कितीतरी अधिक आणि किंमत जवळपास १८० डॉलर. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये सेगा कंपनीचा गेम गिअर जपानमध्ये आणि १९९१ मध्ये अमेरिकेत आला. तोही रंगीत, पडद्यावर एका वेळी ३२ रंग, किंमत १४९.९९ डॉलर. दुकानात तिन्ही यंत्रे शेजारी ठेवली असती तर गेम बॉय त्यांत गरीब नातेवाइकासारखा दिसला असता. आमचा भाचा तेथे असता तर त्याने काय निवडले असते, हे सांगायला नको.

सांगतात की प्रतिस्पर्धी यंत्राची बातमी घेऊन योकोईचे सहकारी काळजीत पडून त्याच्याकडे आले, तेव्हा त्याने एवढेच विचारले की त्याचा पडदा रंगीत आहे का. रंगीत आहे म्हटल्यावर तो निश्चिंत झाला.

तो निश्चिंत का झाला, हे समजायला बी.कॉम. पुरे. वस्तू घेताना एकदाच द्यावा लागतो तो भांडवली खर्च. ती चालवायला पुन्हा पुन्हा करावा लागतो तो महसुली खर्च. दुकानातल्या खोक्यावर फक्त पहिला छापलेला असतो. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि ते सुमारे १५ तास पुरत, कधी त्याहूनही जास्त. गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. लिंक्सचीही तीच गत, सहा सेल आणि चार-पाच तास. पडद्यामागची दिव्याची नळी आणि रंग हेच सेल खाऊन टाकत.

समजा, एखादा मुलगा रोज दोन तास खेळतो. महिन्याचे ६० तास झाले. गेम बॉयला चार वेळा सेल बदलावे लागतील, म्हणजे १६ सेल. गेम गिअर सरासरी चार तास चालतो असे धरले तर पंधरा वेळा बदलावे लागतील, म्हणजे ९० सेल. सेलाचा भाव एक रुपया धरा नाही तर वीस धरा, प्रमाण साडेपाच पटींच्या वरच राहते. वर्षाचे झाले १९२ विरुद्ध १,०८०. हा खर्च कोणाच्या खिशातून जातो? आई-वडिलांच्या. दुसऱ्या महिन्यात आई म्हणणार, आता हे बंद, आणि ते महागडे रंगीत यंत्र कपाटावर जाणार. अर्थात, त्याची वीजजोडणी भिंतीला लावून खेळता येई. पण भिंतीला बांधूनच खेळायचे तर खिशातल्या यंत्राचा उपयोग तो काय?

निकाल काय लागला तोही सांगतो. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. गेम गिअर एक कोटीच्या थोडा वर जाऊन थांबला. लिंक्स त्याच्याही बराच मागे राहिला.

निव्वळ सेलांमुळे हे झाले असे म्हणणे बरोबर होणार नाही. अमेरिकेत गेम बॉयबरोबर 'टेट्रिस' हा खेळ दिला जात असे. मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी तो तयार केला होता. वरून पडणारे चौकोनांचे तुकडे जुळवून ओळ भरायची. याला रंग कशाला आणि ताकद कशाला? आमच्या ब्रिक गेममध्ये जो मुख्य खेळ होता तो याचीच नक्कल. याचा अर्थ, क्योटोच्या त्या लढाईचे शिंतोडे आमच्या जिन्यापर्यंत पोहोचले होते, फक्त आम्हाला ते ठाऊक नव्हते.

खेळाचे आणखी एक उदाहरण मोठे बोलके आहे. १९९६ साली गेम बॉय सात वर्षांचा, म्हणजे या धंद्यात म्हातारा झाला होता. टीव्हीला जोडायची यंत्रे तोवर कुठल्या कुठे गेली होती. सोनीचा पहिला प्लेस्टेशन १९९४ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये आला होता आणि त्रिमितीय चित्रांचे दिवस सुरू झाले होते. अशा वेळी २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉयसाठी 'पोकेमॉन'चे दोन खेळ निघाले. करणारे सातोशी ताजिरी. त्यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. दोन गेम बॉय जोडणारी तार पाहून त्यांना वाटले, की या तारेवरून किडा एका यंत्रातून दुसऱ्यात चालत गेला तर? प्रत्येक खेळात काही प्राणी मुद्दाम ठेवलेच नव्हते. ते मित्राकडून अदलाबदलीनेच घ्यावे लागत. मित्राशी यंत्र जोडायचे तर यंत्र मित्राच्या घरी न्यायला हवे. टीव्हीखाली बसवलेल्या यंत्रात ही गोष्ट कोणाला सुचलीही नसती. त्या खेळाने म्हाताऱ्या यंत्राला पुन्हा उभे केले.

स्वतः योकोईचे काय झाले, तेही सांगायला हवे, नाही तर एकच बाजू मांडल्यासारखे होईल. १९९५ साली त्याच्या हाताखाली 'व्हर्च्युअल बॉय' नावाचे यंत्र निघाले. डोळ्यांना लावून आत पाहायचे, म्हणजे चित्राला खोली दिसे. येथेही त्याने स्वस्त मार्ग धरला आणि फक्त लाल दिवे वापरले. सगळे चित्र काळ्यावर लाल. यंत्र टेबलावर तिकाटण्यावर ठेवावे लागे, म्हणजे खिशातले नाही. टीव्हीला जोडलेले नाही, म्हणून घरातल्या इतरांना काही दिसत नाही. खेळणाऱ्याचे डोळे आणि डोके मात्र दुखत. आठ लाखांच्या आतच विक्री होऊन ते बंद पडले. स्वस्त तंत्र वापरले की यश ठरलेले, असे नाही, हे त्यावरून दिसते. योकोईने १९९६ साली कंपनी सोडली आणि स्वतःची छोटी कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी महामार्गावरील अपघातात त्याचे निधन झाले. वय ५६. त्याच्या मागे, मार्च १९९९ मध्ये, त्याच्या कंपनीने आखलेले 'वंडरस्वान' हे यंत्र बान्दाई कंपनीने बाजारात आणले. किंमत ४,८०० येन. त्याला एकच पेन्सिल सेल लागत असे आणि तो सुमारे ३० तास चाले. शेवटपर्यंत हा माणूस सेलच वाचवत होता.

आता ताकदीच्या बाजूने काय बोलायचे ते बोलू, कारण भाचा हे वाचणार आहे.

गेम बॉयच्या पडद्यावर १६० गुणिले १४४, म्हणजे २३,०४० ठिपके होते. प्लेस्टेशन ५ हा मोठ्या टीव्हीवर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपक्यांचे चित्र देऊ शकतो. भागाकार केला तर बरोबर ३६० येतो, बाकी शून्य. असा भागाकार आमच्या कचेरीच्या ताळेबंदातही क्वचित येतो. इतक्या ठिपक्यांनी जे शहर, जे रान, जो पाऊस उभा राहतो, तो पाहून आम्हीही थक्क झालो. चित्रकलेची आवड असलेल्या मुलाला त्याची ओढ वाटली तर त्यात गैर काहीच नाही. शिवाय टीव्हीसमोर चारजण मिळून बसतात, पैज लावतात, ओरडतात. खिशातल्या यंत्रावर मान खाली घालून एकटे बसलेले मूल पाहिले की आम्हाला काळजी वाटते. आमच्या अभ्यासवर्गात ती मान रोज दिसते, तिच्याखाली बहुतेक वेळा मोबाईल असतो.

पण ती ताकद फुकट येत नाही. प्लेस्टेशन ५ मोठे खेळ चालवताना सुमारे २०० वॅट वीज घेतो, म्हणजे आपल्या घरातले जुन्या पद्धतीचे अडीच-पावणेतीन पंखे. निन्टेन्डो स्विच २०१७ च्या मार्चमध्ये आला, त्याच्या बॅटरीत सुमारे १६ वॅट-तास वीज मावते. 'झेल्डा' मालिकेतला मोठा खेळ त्यावर साधारण तीन तास चाले, म्हणजे सुमारे सव्वापाच वॅट. त्याच बॅटरीवर २०० वॅटचे यंत्र लावले तर किती चालेल? पाच मिनिटेसुद्धा नाही. शिवाय ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. टीव्हीखालच्या पेटीत ती मोठ्या पंख्याने बाहेर ढकलता येते, हाताच्या तळव्यात ढकलता येत नाही. म्हणून स्विच टीव्हीच्या खाचेत बसवला की त्याची चित्राची चिप वेगाने चालते आणि हातात घेतला की तीच चिप वेग निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणते. ज्याला भाचा दुबळेपणा म्हणतो तो असा जाणूनबुजून ठरवलेला आहे. तळवा भाजू नये आणि बॅटरी पुरावी, एवढ्यासाठी.

मधल्या काळातही ही झुंज चालूच होती. २००४ च्या अखेरीस निन्टेन्डोचा डीएस आणि सोनीचा पीएसपी जवळपास एकाच वेळी आले. पीएसपीचा पडदा मोठा, चित्र देखणे, ताकद खूपच जास्त. डीएसला दोन छोटे पडदे, त्यांतला एक बोटाने वा काडीने लिहिण्याचा. डीएस १५ कोटी ४० लाख विकला गेला. पीएसपी आठ कोटींच्या आसपास. आठ कोटींना अपयश म्हणणे लबाडीचे होईल. आणि गंमत पाहा, जपानमध्ये पीएसपीला खरा बहर आला तो 'मॉन्स्टर हंटर' या खेळाने. चारजण आपापली यंत्रे घेऊन उपाहारगृहात, स्थानकावर एकत्र बसत आणि बिनतारी जोडून एकच शिकार करत. म्हणजे ताकदवान यंत्रही चालले ते बरोबर नेता येत होते म्हणून.

त्यानंतर २०११ मध्ये सोनीने व्हिटा हे फारच सुंदर यंत्र काढले. मात्र त्याचे साठवणीचे कार्ड वेगळे आणि महाग विकत घ्यावे लागे. पुन्हा तोच प्रकार, खोक्यावर न छापलेला खर्च. तोवर लोकांच्या खिशात मोबाईलही आले होते. २०१९ साली त्याचे उत्पादन थांबले.

स्विचची चिप ज्या घराण्यातली, ती एनव्हिडिया कंपनीने २०१५ सालीच जाहीर केलेली होती. म्हणजे पुन्हा मुरलेले तंत्र. 'द विचर ३' नावाचा अवाढव्य खेळ २०१९ साली स्विचवर आणला, तेव्हा चित्र पुष्कळ धूसर करावे लागले. तज्ज्ञांनी ठिपके मोजून दाखवले. लोकांनी तो रेल्वेत बसून खेळला. स्विचची विक्री पंधरा कोटींच्या पुढे गेली. त्याच काळातला टीव्हीला जोडायचा, कितीतरी ताकदवान प्लेस्टेशन ४ सुमारे पावणेबारा कोटींपर्यंत गेला.

मग योकोईचे म्हणणे कायमचे खरे ठरले का? आम्हाला तसे वाटत नाही. ५ जून २०२५ रोजी स्विच २ आला. पडदा मोठा, चित्र कितीतरी सुबक. बॅटरी ४,३१० वरून ५,२२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे पाचव्या हिश्श्याने मोठी. तरीही कंपनी स्वतः सांगते ती मुदत दोन ते साडेसहा तास. २०१७ च्या पहिल्या स्विचची मुदत अडीच ते साडेसहा तास होती आणि २०१९ च्या सुधारित स्विचची साडेचार ते नऊ तास. म्हणजे बॅटरीत जी भर पडली ती चित्राने खाल्ली. गेम गिअरच्या सहा सेलांची आम्हाला आठवण झाली. तरी लोकांनी ते यंत्र रांगा लावून घेतले. सेल आता विकत आणावे लागत नाहीत, चार्जर लावला की झाले. आईच्या खिशाला पूर्वी बसणारी झळ बसत नाही, त्यामुळे लोक दोन तासांवरही समाधान मानतात. खर्चाचे खाते बदलले की माणसाची निवडही बदलते.

एवढे सगळे टिपण घेऊन आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा कल्याणला गेलो. भाच्याला समोर बसवून सांगितले, "तुझे म्हणणे खोटे नाही. चित्र प्लेस्टेशनचेच चांगले. पण तुझ्या घरात टीव्ही तुला कधी मिळणार ते आधी कागदावर लिही." त्याने प्रामाणिकपणे लिहिले. आठवड्याला पाच तास, तेही दाजींची रात्रपाळी असेल तरच. मग आम्ही विचारले, "पन्नास हजारांची वस्तू आठवड्याला पाच तास. उरलेला वेळ ती काय करणार?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, वर्गात सगळे विचारतात, तुझ्याकडे काय आहे. स्विच म्हटले की हसतात."

हे मात्र आमच्या टिपणात नव्हते. पेन्सिल सेलांचा हिशेब मांडणे सोपे, पण सोळा वर्षांच्या मुलाने वर्गात ऐकलेले हसू कोणत्या खात्यात टाकावे, ते बी.कॉम.ला शिकवत नाहीत. आम्ही त्याला शेवाळी हिरव्या पडद्याच्या गेम बॉयची आणि पत्त्यांच्या कारखान्यात यंत्रे दुरुस्त करणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली. त्याचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही.

शेवटी वापरलेला स्विच साडेबारा हजारांना घेतला. उरलेल्या पैशांतून अकरावीची पुस्तके आणि क्लासचा पहिला हप्ता झाला. भाच्याने एक अट घातली, की यंत्र टीव्हीला जोडायची खाचही सोबत हवी, म्हणजे रात्रपाळीच्या दिवशी मोठ्या पडद्यावर खेळता येईल. ती दाजींनी मान्य केली.

परवा संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा पावसाने चाळीतली वीज गेली होती. टीव्ही काळा. गॅलरीत भाचा आणि शेजारची सातवीतली मुलगी यंत्र कठड्याला टेकवून, त्याच्या दोन बाजूंची दोन छोटी हँडले काढून मोटारींची शर्यत खेळत होती. त्यांच्या पाठीशी आणखी तीन पोरे ओळीत उभी. ताईची मालिका बुडाली होती, म्हणून तीही पदराने वारा घेत दारात उभी राहून बघत होती.

"किती टिकेल रे अजून?" आम्ही विचारले.

"चाळीस टक्के आहे. दीड तास जाईल," भाचा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. मग आमच्याकडे वळून, "पण नोकरी लागली की पीएस-फाईव्ह घेणारच हां मामा."

"घे बाबा," दारातून ताई म्हणाली, "पण त्याच्याबरोबर टीव्हीही दुसरा घे."